मीटरवरचा थेंब

पडद्यावरचा लाल ठिपका मोहरीएवढा दिसत होता. खऱ्या डोळ्यात तो केसाच्या जाडीइतका असेल, डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या. तसे आणखीही होते.

"साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात, फुगतात, मग झिरपू लागतात. नजर अजून शाबूत आहे. पण सोळाव्या वर्षी हे दिसायला नको होतं."

"चढी कशी असेल?" आई म्हणाली. "रोज संध्याकाळी हिच्या साखरेचं मीटर मी स्वतः बघते."

तिची नोकरी दुकानांतले वजनकाटे तपासण्याची. काट्याखाली दडवलेलं चुंबक ती दारातूनच ओळखायची. लेकीचा, टिटवीचा, मधुमेहही तिने डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता. दर तीन महिन्यांच्या तपासणीला मात्र बाप आणि लेक दोघंच जायचे, परत आल्यावर बाबा म्हणायचे, "टिटवी ठणठणीत!"

"मीटरच बिघडलं असणार," आई म्हणाली.

टिटवी नख कुरतडत होती. "मीटर चांगलं आहे, आई. रक्त बाबांचं होतं."

बाबा चष्मा पुसू लागले. "अगं, पोरीच्या बोटांची चाळण झाली होती. त्यात आकडा वाढला की तू तिच्याशी धड बोलायची नाहीस. म्हटलं, एखाद्या दिवशी आपलं बोट..."

"एखाद्या दिवशी?"

"दोन वर्षं," टिटवी पुटपुटली.

"आणि तपासणीत? तिथे तर तिचंच रक्त घेतात ना?"

बाबा चष्म्याची दुसरी काच पुसू लागले. म्हणजे साखर चढी असल्याचं त्यांना ठाऊक होतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. आणि आई मात्र रोज तो आकडा बघून लेकीची पाठ थोपटत होती.

"दुकानदार परवडले हो," ती हळू आवाजात म्हणाली. "ते निदान परक्यांना फसवतात."

डॉक्टर बेताने म्हणाल्या, "साखर हळूहळू खाली आणू. डोळ्यांचे फोटो परत काढू. आणि दंडावर लावून सतत साखर मोजणारा सेन्सर मधुमेहाच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सुचवल्याचं फाइलीत दिसतंय, त्याचं काय झालं?"

वर्गातली पोरं विचारतील म्हणून टिटवीने तो टाळला होता. बाबांनी तिचीच री ओढली होती.

"आई, बोल ना काहीतरी. रागाव तरी."

"कशावर रागावू? तुझा आकडा मला ठाऊकच नाही."

टिटवीने बाबांकडे पाहिलं. ते अजून चष्माच पुसत होते. मग ती डॉक्टरांकडे वळली.

"सेन्सर लावा. आजच. दिसला तर दिसू दे."