बत्तिसावी बरणी

"एकतीस," नरभेराम म्हणाला आणि पुन्हा पहिल्या बरणीपाशी गेला.

दुकानाचा तरुण शेठ मौलिक कागद-पेन घेऊन उभा होता. जामनगरच्या चांदी बाजारात त्याच्या पणजोबांनी काष्ठौषधींचं हे दुकान मांडलं, आणि दिवाळी सरली की इथल्या बत्रिसूसाठी बायकांची रीघ लागायची. बत्रिसू म्हणजे बत्तीस औषधींचं चूर्ण. तूप, गूळ आणि भाजलेल्या कणकेत घालून त्याचा वड्यांसारखा पाक करायचा, बाळंतिणीला चारायचा आणि थंडीभर घरादारानं खायचा. ही औषधं निवडायची, कुटायची आणि वस्त्रगाळ करायची, हे एकेचाळीस वर्षं नरभेरामचं काम. यंदा मौलिकला छापील पाकिटं करायची होती, म्हणून त्याला सगळी नावं हवी होती.

नरभेरामनं सुंठीपासून गोखरूपर्यंत एकेका बरणीवर बोट ठेवत पुन्हा मोजलं. एकतीसच भरल्या.

इतक्या वर्षांत त्यानं कधी मोजलं नव्हतं, याचं नवल वाटायला नको. आपल्या घराच्या पायऱ्या किती, हे कोण मोजून ठेवतं? मौलिकच्या आजोबांनी, ओधवजीशेठनी, फळीच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत जायला शिकवलं आणि तेव्हापासून हात आपोआप चालत होता. एरवी माणूस भारी चौकस. पिंपळीमूळ कुठल्या डोंगरातलं, हे वासावरून सांगायचा. भाद्रपदात कुणी दही खाताना दिसला तर त्याला रस्त्यात थांबवून पित्तावर व्याख्यान द्यायचा, मग तो कुणाचा जावई असो की जमादार. नेमकं स्वतःच्या फळीबद्दल त्याला कधी कुतूहल वाटलं नव्हतं.

मौलिकला यात विशेष काही वाटलं नाही. एक जायफळ वाढवा, झाली बत्तीस, इथे कोण मोजायला बसलंय, असं तो म्हणाला.

"मी बसलोय ना," नरभेराम म्हणाला. "ओल्या बाळंतिणी खातात हे, मौलिकभाई. बत्तीस सांगून मी एकेचाळीस वर्षं एकतीस दिली असतील, तर मी चोर ठरलो. मग ते मला कळू दे."

मौलिकनं उद्या दुपारपर्यंत मुदत दिली. नंतर छापखान्यात जायफळ जाणार, हे त्यानं बजावून सांगितलं.

घरी नरभेरामला जेवण गेलं नाही. ओधवजीशेठ विसरले म्हणावं, तर तो माणूस तुळशीचं पानही मोजून द्यायचा. फसवलं म्हणावं, तर जीभ रेटत नव्हती. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा उत्सुकताच त्याला जास्त छळत होती. काय असेल ते बत्तिसावं? त्यानं अंथरुणात पडल्या पडल्या साऱ्या जंगलाची झाडं आठवून पाहिली.

सकाळी तो थेट रळियातबांकडे गेला. चौऱ्याऐंशीची ही म्हातारी लग्न होऊन आली तेव्हापासून दर कार्तिकात याच दुकानातून बत्रिसू नेत होती. ओट्यावरच्या कोवळ्या उन्हात बसून ती गुडघ्यांना तिळाचं तेल चोळत होती. नरभेरामनं आडवळण न घेता विचारलं.

"बा, बत्रिसूत एकतीसच औषधं निघताहेत."

"मग? एकतीसच असतात."

"आणि बत्तिसावं?"

"ते ज्याच्या त्याच्या घरचं." म्हातारीचा हात गुडघ्यावर चालूच होता. "गेल्या सालातलं चमचाभर राखायचं नि नव्यात मिसळायचं. ओधवजी म्हणायचा, एकतीस माझी, एक तुमचं. त्याचा बापही तेच म्हणायचा. नवी सून आली की सासू तिला आपल्यातलं चमचाभर देते. माझ्या बरणीत माझ्या आजेसासूचं आहे, समजलास?"

"मला कसं कुणी सांगितलं नाही?"

"तू कुटणारा. पाक काय तू करत होतास? अरे, तुझ्या आईनं लाभुला दिलं, लाभु दर सालाला तुझ्याच घरात मिसळत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा."

ती हसली आणि मग हसायची थांबली. लाभु, नरभेरामची बायको, जाऊन चार वर्षं झाली होती.

"तेव्हापासून पाक कोण करतं तुझा?"

"कोण करणार? दुधातनं घेतो चूर्ण."

"नुसतं?"

"नुसतंच."

म्हातारीनं सुनेला आपली बरणी आणायला सांगितलं. नरभेरामनं हात जोडले. आधी घरी बघतो, म्हणाला.

घरी हिंगाच्या डब्यामागे ती बरणी होती. लाभुच्या जुन्या बांधणीची चिंधी तोंडाला बांधलेली. चार दिवाळ्या त्यानं फळी पुसताना ती उचलली होती आणि लोणच्याचा मसाला असेल म्हणून तिथेच ठेवली होती. तळाशी चमचाभर चूर्ण उरलं होतं. त्यानं चिमटीत घेऊन चोळलं आणि नाकाशी नेलं. डोंगर ओळखणाऱ्या त्या नाकाला कसलाच वास आला नाही. वर्ष झालं की चूर्ण मेलं, हे त्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावलं होतं. असलं चूर्ण कुणी दुकानात दाखवायला आणलं असतं, तर त्यानं स्वतःच्या हातानं गटारात ओतलं असतं. बराच वेळ तो बरणी घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. त्याला लाभुचा राग आला, सांगितलं नाही म्हणून. मग आपण कधी विचारलं नाही, हे आठवून त्याला रडू आलं.

दुपारी त्यानं मौलिकला एकतीस नावं लिहून दिली आणि बत्तिसावी ओळ कोरी सोडायला सांगितली. कारण ऐकून मौलिकला वाटलं, काकांचं डोकं फिरलं. त्यानं हसत हसत आईला फोन लावला, आणि ऐकता ऐकता त्याचं हसू मावळलं.

"आईकडे पण आहे बरणी," तो हळूच म्हणाला.

जायफळ काही छापखान्यात गेलं नाही.

रविवारी नरभेरामनं आयुष्यात पहिल्यांदा पाक करायला घेतला. कणीक थोडी करपली, गूळ कडक झाला. त्याआधी मात्र त्यानं नवं चूर्ण परातीत ओतून लाभुचं मेलेलं चूर्ण त्यात रिकामं केलं होतं आणि दोन्ही हातांनी नीट कालवून घेतलं होतं. त्यातलं चमचाभर त्यानं आधी बाजूला काढलं. नरभेरामला मूलबाळ नव्हतं, सून यायची नव्हती. तरी त्यानं ते बरणीत भरलं, तीच चिंधी बांधली आणि बरणी पुन्हा हिंगाच्या डब्यामागे, होती तिथेच ठेवली.