वळणावरची रांग

"मागे घ्या दादा, मागे... अजून येतंय... बस्स!"

शिट्टीबाईने डिकीवर थाप मारली. ओढ्यावरच्या मोरीच्या वळणावर, जिथे सायकल लावायचीही पंचाईत, तिथे तिने आणखी एक मोटार बसवली होती. वाहनतळ सकाळीच भरला होता, आणि एकही पाहुणा परत जाता कामा नये, असा पर्यटन कार्यालयाचा हुकूम होता. उन्हाळ्यात तळ्यावर होड्या, पावसाळ्यात धबधबा, थंडीत डोंगरावर तंबू. शहरातली माणसं बारमाही यायची आणि ही बाई शिट्टी फुंकत त्यांना जागा करून द्यायची. तिच्यासारखी रांग कुणाला लावता येत नाही, असं गाव म्हणायचं. तिला ते आवडायचं. का आवडू नये? दुसरं कौतुक तिच्या वाट्याला आलं होतं कुठे?

दुपारी थोरल्या जावेचा फोन आला. "अगं, भावजींना धाप लागलीय, थांबतच नाही. ओठ निळे पडलेत. ॲम्ब्युलन्स बोलावलीय."

घर वळणाच्या पलीकडे, चढावर. ॲम्ब्युलन्स आली ती वळणावरच अडली. दोन्ही बाजूंच्या मोटारींमधून लहान गाडी कशीबशी निघाली असती, ही निघेना. ड्रायव्हर खाली उतरला.

"कुणी लावल्यात या गाड्या?"

"मी," ती म्हणाली.

मग ती जीव खाऊन शिट्टी वाजवत सुटली. मालक सगळे धबधब्याखाली. ज्यांना ऐकू आली, त्यांना वाटलं, बाई आणखी एखादी गाडी लावतेय. वरून एकाने हौसेने हातही हलवला.

शेवटी ड्रायव्हर आणि घरून धावत आलेले थोरले दीर चढ चढून गेले आणि नवऱ्याला स्ट्रेचरवर घालून, दम खात, रांगेमधून खाली घेऊन आले. नवरा आयुष्यभराचा थट्टेखोर. त्याने मान वळवून दोन्हीकडे पाहिलं.

"सरळ... लावलीस हं रांग," तो म्हणाला.

ही थट्टा होती, कौतुक होतं की बोल लावणं, ते विचारायचं राहूनच गेलं. दवाखाना यायच्या आत तो गेला. "जरा आधी आणलं असतं, तर..." डॉक्टर म्हणाले आणि तिच्या गळ्यातली शिट्टी पाहून कागद भरायला लागले.

गावात तोंडावर कुणी काही बोललं नाही. गाव चांगलं आहे, जे बोलायचं ते पाठीमागे बोलतं.

थंडीत तंबूवाले आले, तेव्हा ती पुन्हा कामावर उभी होती. पोट कुणाला चुकलंय? वाहनतळ भरला. वळणाच्या एका अंगाला मात्र एकही मोटार नव्हती. तिथे ती स्वतः उभी होती.

"मावशी, इथे एवढी जागा आहे की!" एकाने काच खाली केली.

"नाही. गाडी यायचीय."

"कुणाची?"

तिने शिट्टी तोंडात धरली आणि हाताने त्याला मागे जायची खूण केली.