लाल जिभेचं खोकं

झाकण सबंध निघतं, खोकं दोन तुकड्यांचं: १९३४च्या आधीचं.

ऑर्व्हल हाउगेनने धाकट्या भावाला बावीस वर्षांत एकदाही फोन केला नाही. धाकट्यानेही केला नाही, पण तो ते निराळ्या शब्दांत सांगतो.

खोक्यावरच्या बदकाची मान हिरवी: महायुद्धाच्या आधीचं. मान काळी: युद्धातलं, हिरवी शाई मिळत नव्हती.

काडतुसांच्या कारखान्याचं दप्तर १९५८ साली एका दुपारी जळालं. काडतुसं मात्र वाचली.

‘मुलांच्या हाती लागू देऊ नका’ ही ओळ छापलेली असेल तर १९६१नंतरचं. त्याआधी मुलांच्या हाती काय लागावं नि काय लागू नये हे खोक्यावर लिहीत नसत.

फेब्रुवारी १९५१. नदीकाठचा रस्ता, बर्फ, शिशाने भरलेला ट्रक.

पत्त्यात पाच आकडी पिनकोड: १९६३ किंवा नंतरचं.

बाजूची जीभ, म्हणजे उघडायची ती पट्टी, लाल: १९५३ किंवा नंतरचं.

यातली शेवटची ओळ चूक आहे. व्हर्लिन हाउगेनला हे कळलं ते एका मंगळवारी सकाळी, आयोवातल्या एका वृद्धाश्रमाच्या जेवणघरात, समोर हिरव्या जेलीचा वाडगा असताना.

व्हर्लिन म्हणजे मार्श किंग काडतुसांच्या खोक्यांमधला शेवटचा शब्द. त्याच्या तळघरात अकराशे खोकी होती, बहुतेक रिकामी, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. खोकं कोणत्या साली छापलं ते कसं ओळखायचं, यावर त्याने एक पिवळं पुस्तक काढलं होतं. त्याच्या तीन आवृत्त्या संपल्या होत्या. मार्चमधल्या संग्राहकांच्या मेळाव्यात दोन माणसं भांडायला लागली की तिसरा खिशातून ते पिवळं पुस्तक काढायचा आणि भांडण मिटायचं. लोक त्याला मास्तर म्हणत. चेष्टेने सुरू झालेलं नाव, पण आता त्यात चेष्टा उरली नव्हती.

चौथ्या आवृत्तीसाठी तो आर्डिथ क्यूल या बाईंना भेटायला आला होता. शहाऐंशी वर्षांच्या. कारखान्यात एकवीस वर्षं खोकी घडी करून भरायचं काम केलेल्या.

“लाल जीभ त्रेपन्नपासून, बरोबर ना?” त्याने विचारलं. नुसती खूण करायची म्हणून.

“कुणी सांगितलं?”

“पुस्तकात आहे.”

“कुणाच्या?”

“माझ्या.”

“मग तुझ्या पुस्तकाला सांग, आर्डिथची बोटं पन्नास साली लाल झाली होती. शाई वाळायचीच नाही मेली. नवऱ्याला वाटलं, बोट कापलं. चारशे खोकी केली आम्ही त्या सप्टेंबरात, नुसती बघायला. दुकानात नाही गेली ती. मग यंत्र बिघडलं नि साहेबांनी तीन वर्षं त्याचं नाव काढलं नाही.”

“चारशेचं काय केलं?”

“कारखान्याच्या सहलीला वाटली. कामगाराला एक. पुठ्ठा आणणाऱ्यांना एक, शिसं आणणाऱ्या ड्रायव्हरांना एक. फुकट म्हटल्यावर पाद्रीसुद्धा रांगेत उभा होता. जेली खाणार आहेस की नुसती बघणार आहेस?”

तिने बिस्किटांच्या डब्यातून फोटो काढला. मागे कापडी फलक, त्यावर १९५० हा आकडा हातभर मोठा. पुढे ड्रायव्हरांची रांग. प्रत्येकाच्या काखेत खोकं, खोक्याची जीभ काळी. कृष्णधवल फोटोत लाल रंग काळा दिसतो. जुनी जीभ पांढरी होती. डावीकडून चौथा माणूस उन्हामुळे डोळे बारीक करून उभा होता.

व्हर्लिनने खिशातलं भिंग काढलं. काढायची गरज नव्हती. बाप भिंगाशिवाय ओळखता येतो.

*

मेळावा, १९८७. टेबल क्रमांक सोळा.

ऑर्व्हल पहिल्यांदाच आला होता. त्याला खोक्यांचं वेड नव्हतं, त्याच्याकडे एकच खोकं होतं. आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेलं, बारा बोअरचं, पंचवीसच्या पंचवीस काडतुसं आत, न उघडलेलं.

“बाबांनी दिलेलं,” त्याने जमलेल्यांना सांगितलं. “ते गेले त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी. म्हणाले, पुढच्या वर्षी दोघं मिळून उडवू. जरा बघ रे व्हर्लिन, काही मोलाचं आहे का. विकायचं नाही मला.”

व्हर्लिनने खोकं फिरवलं. जीभ बघितली. त्याने ते हळू बोलायला हवं होतं. भावाला बाजूला न्यायला हवं होतं.

“त्रेपन्न,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “लवकरात लवकर त्रेपन्न.”

“नाही रे. पन्नासची गोष्ट आहे.”

“ऑर्व्हल, त्रेपन्न साली बाबांना पुरून दोन वर्षं झाली होती.”

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “म्हातारा मेल्यावर दुकानात गेला असेल!” आणि लोक हसले. मोठ्याने नाही. मेळाव्यात हसतात तसं, कॉफी सांडू न देता.

“मी खोटं बोलतोय का?” ऑर्व्हलने विचारलं.

“तू बोलत नसशील. खोकंही बोलत नाही.”

हे वाक्य व्हर्लिनला तेव्हा फार आवडलं होतं. ऑर्व्हलने टॉवेल गुंडाळला, चार टोकं नीट आत खोचली आणि तो गेला. त्याआधी घेतलेला खोक्याचा फोटो पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत आला, पान एकेचाळीस. खाली ओळ: ‘मालकाच्या मते १९५०. घरगुती आठवणींवर विसंबू नये, याचा नमुना.’

*

व्हर्लिनने कुणालाच न सांगितलेली गोष्ट अशी:

ते खोकं लहानपणी ऑर्व्हलच्या फळीवर असायचं. हात लावला तर आई ओरडायची, “ठेव ते! ते ऑर्व्हलचं आहे, बाबांनी त्याला दिलंय.” व्हर्लिनला काय दिलं, हे त्याने एकदा विचारलं. आई म्हणाली, “तुला त्यांचे कान आलेत.”

त्या दिवशी मेळाव्यात जीभ बघताना त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. म्हणजे बाबांनी ऑर्व्हललाही काही दिलं नव्हतं. आईने रचलं असेल, पोराच्या समाधानासाठी. दोघं भाऊ सारखेच रिकामे. त्या संध्याकाळी तो दोन माणसांचं जेवण जेवला.

*

फोटो घरी आणल्यावर तीन आठवडे तो गप्प राहिला. आर्डिथबाई शहाऐंशीच्या. दप्तर जळालेलं. फोटो त्याच्याजवळ. पुस्तक आहे तसं राहिलं असतं. पण चौथ्या आठवड्यात त्याला वाटायला लागलं की हे सांगितलं की सगळं जागेवर येईल. ऑर्व्हल चिडेल, चार शिव्या देईल, मग लव्होनला म्हणेल, कॉफी टाक. असं वाटण्यात त्याचा स्वार्थ होता, पण वाटलं खरं.

चाळीस मैल. दार ऑर्व्हलच्या बायकोने, लव्होनने उघडलं.

“कोण मेलं?” तिने विचारलं.

“कुणी नाही.”

“मग कशाला आलास?”

ऑर्व्हल स्वयंपाकघरात हॅमचं सँडविच खात होता. खूप वाळला होता. त्याने बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही. व्हर्लिनने फोटो टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं: शाई, यंत्र, चारशे खोकी, ड्रायव्हर. पाठ केल्यासारखं सांगितलं.

“चौथा,” तो म्हणाला. “डावीकडून.”

ऑर्व्हलने हात पँटला पुसले. फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला.

“म्हणजे त्यांनी दिलं होतं मला.”

“हो.”

“कोठीत. हातमोजे न काढता. पुढच्या वर्षी उडवू म्हणाले.”

“म्हणाले असतील.”

“असतील नाही!” ऑर्व्हलने टेबलावर थाप मारली. मग आवाज खाली आला. “मी तुझं खरं मानलं, व्हर्लिन. तुला वाटत असेल मी तुझ्यावर रुसलो. मी रुसलो नाही. मी घरी येऊन विचार केला. आई तर गेलेली, विचारू कुणाला? म्हटलं, माझ्याच डोक्याने रचलं असणार. तू एवढा अभ्यास केलेला. मग म्हटलं, कोठी खोटी तर मांडीवर बसवून ट्रकचं चाक हातात दिलं होतं तेही खोटं असेल. शिट्टी वाजवायचे तेही. एकेक करून सगळं काढून टाकलं मी. पोरांना आजोबांबद्दल काही सांगायचंच बंद केलं. काय सांगणार? माझा भरवसाच गेला माझ्यावरचा.”

“खोकं कुठंय?” व्हर्लिन म्हणाला. हेच त्याच्या तोंडून निघालं.

लव्होन ओट्याशी होती. ती वळली नाही. “शेगडीत,” ती म्हणाली. “सत्त्याऐंशीच्या मार्चात. काडतुसं याने ओढ्यावर नेऊन उडवली. अकरा फुसकी निघाली. आल्यावर खोकं फाडून आत टाकलं. मी म्हणत होते, राहू दे.”

“मी छापतो,” व्हर्लिन म्हणाला. “चौथ्या आवृत्तीत. माझी चूक म्हणून, नावानिशी. पान एकेचाळीसच.”

“छाप की.”

“ऑर्व्हल, मला माहीत नव्हतं रे.”

“तुला हवं होतं तसं.” ऑर्व्हलने फोटो खिशात घातला. परत दे म्हणायची व्हर्लिनला हिंमत झाली नाही. “तेव्हा तुझ्या तोंडाकडे मी बघितलं होतं. माणूस दुसऱ्याची चूक सापडल्यावर असा दिसत नाही. हरवलेलं सापडल्यावर दिसतो. आता जा.”

कॉफी कुणी टाकली नाही.

*

चौथी आवृत्ती, पान एकेचाळीस:

‘लाल जीभ: १९५० (सुमारे चारशे, कामगार व ड्रायव्हर यांना वाटलेली), पुढे १९५३पासून सतत. छायाचित्रातलं खोकं १९५०चं. मालक ऑर्व्हल हाउगेन यांचं म्हणणं बरोबर होतं. लेखक चुकला. या चारशेंपैकी एकही आज अस्तित्वात असल्याचं माहीत नाही.’

महिन्याभरात नऊ पत्रं आली. सगळ्यांना ते खोकं कुठे बघायला मिळेल ते हवं होतं. एकाने नवा ट्रक येईल एवढा आकडा लिहिला होता. व्हर्लिनने एक प्रत ऑर्व्हलला पाठवली. ती परत आली, वर लव्होनच्या अक्षरात ‘नको’.

मेळाव्यात लोकांनी त्याची पाठ थोपटली. “मास्तर, चूक कबूल करायला छाती लागते,” असं एकाने मनापासून म्हटलं, आणि टेबलावर नवं खोकं ठेवून साल विचारलं. व्हर्लिनने ते उचललं, फिरवलं, परत ठेवलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

“चेष्टा करता काय! पिनकोड आहे त्यावर.”

“मग तुम्हीच बघा.”

१९५०च्या सप्टेंबरात ऑर्व्हल चौदा वर्षांचा होता आणि व्हर्लिन चार.