खड्यांचं माहेर

येलहंक्यात उंच इमारतींच्या सावलीत रत्नाक्कांची विहीर अजून उघडी आहे. भोवती शेवंतीचे वाफे, कठड्यावर चढलेली तोंडली. दर भाद्रपदात कल्पनाताई सुनेला घेऊन तिथून खड्यांच्या गौरी आणतात. पायरीवरचे खडे ओच्यात घेताना त्या गुणगुणतात,

गौराई आली कोठून, पाण्याच्या माहेराहून
ओटीत बाई तिच्या, पाच खडे घेऊन

संध्या, त्यांची सून, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. यंदा अक्कांनी खड्यांबरोबर पाण्याची बाटलीही भरून घ्यायला लावली. अक्कांचं मराठी कन्नडात भिजलेलं.

"बादली आपटली की स्वल्प फेस येतो ग. शेजारची बिल्डिंग झाल्यापासून. मी पिणं बंद केलंय. आजोबांनी खणलेली विहीर, जीव तुटतो. तू पी म्हणालीस तर सरी, ठीक, पिते."

घरी येताच संध्यानं बाटली फ्रिजमध्ये ठेवली. कल्पनाताईंनी ती पाहिली.

"हे काय ग?"

"अक्कांचं पाणी. सुट्टी संपेपर्यंत थंड ठेवायला हवं, आई."

"उद्याच्या नैवेद्याशेजारी? मोरीचं असेल म्हणूनच तपासतेस ना?"

"खडे चालतात आणि पाणी नाही?"

"खडे मी नळाखाली धुतले, बाई."

संध्याला हसू आलं. सणासुदीला वाद कशाला? तिनं बाटली बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे ठेवली. ऊन थेट येत नव्हतं. सोळा भाज्या निवडता निवडता ती बाटली विसरूनही गेली.

गौरी गेल्यावर तिनं पाणी तपासायला घेतलं. निळा रंग घातला, क्लोरोफॉर्म घातला, हलवलं, स्थिर होऊ दिलं. पाण्यात साबणाची पावडर असली की ती निळ्या रंगाचा हात धरून त्याला खालच्या थरात घेऊन जाते. खालचा थर नितळ राहिला. निळा वरच तरंगत होता, सासरी न गेलेल्या लेकीसारखा. पाणी किती दिवस उबेत होतं, ही शंका तिच्या मनाला शिवली. पण अक्कांना चांगली बातमी द्यायची घाई शंकेहून मोठी होती. तिनं फोन लावला.

"अक्का, साबण नाही. प्या खुशाल."

पलीकडून अक्का म्हणाल्या, "देव तुझं भलं करो."

दसऱ्याच्या तोंडावर ती शेवंती आणायला गेली. अक्कांनी पितळेचा तांब्या पुढे केला. "पी. तुझीच विहीर. माझं पोट जरा बिघडलेलंय, वय झालं आता."

तांब्याच्या काठाशी फेसाची पांढरी बारीक कड होती. संध्या पाण्याला न शिवता बघत राहिली. नव्या मुलांना ती रोज सांगते: नमुना बर्फात आणा, लगेच तपासा, नाहीतर पाण्यातले जंतू साबण खाऊन टाकतात आणि घाण पाणी सोज्वळ दिसतं. साबण जिथून झिरपतो, तिथून मोरीही झिरपते.

तिनं बाटली भरली, बर्फात घातली आणि तशीच प्रयोगशाळेत नेली. खालचा थर निळा झाला, आभाळ उतरावं तसा.

संध्याकाळी ती परत आली. अक्का वाफ्यात बसल्या होत्या.

"अक्का, पिऊ नका. माझं चुकलं. बाटली थंड ठेवायची होती. फ्रिजमध्ये नैवेद्य होता, म्हणून मी बाल्कनीत ठेवली."

अक्का बराच वेळ शेवंतीच्या कळ्या चाचपत राहिल्या.

"माझ्या विहिरीचे खडे तुमच्या देवघरात, आणि पाणी बाल्कनीत?"

संध्याला वाटलं, अक्का चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"डॉक्टरकडे चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "बिल्डिंगवाल्यांकडेही मी येते, निळी बाटली घेऊन."

"येशील ग. कागद दाखव, भांड, सगळं कर. पण तू पी म्हणालीस ना, तेव्हा मी दहा वेळा वाकून पाहिलं होतं विहिरीत. पुन्हा आपली झाली म्हणून."

त्यांनी तिच्यासाठी भरलेला तो तांब्या उचलला, वाफ्याकडे नेला, आणि मध्येच थबकल्या. शेवंतीला तरी चालेल का, हे त्यांनी संध्याला विचारलं नाही. तांब्या तसाच भरलेला कठड्यावर ठेवून त्या आत गेल्या.