ध्रुवयानातला मेकॅनिक

"कल्पनेला सगळं माफ असतं, तर्काच्या चुकीला माफी नाही," असं शहादेवनं जाहीर केलं आणि भज्यांचे तेलकट हात खुर्चीच्या पाठीला पुसले. खुर्ची मुख्याध्यापकांची होती. रविवार असल्यामुळे तिला वाली नव्हता. सातवीची जुनी तुकडी पस्तीसेक वर्षांनी त्याच वर्गात जमली होती आणि जेवण चुलीवरून उतरेपर्यंत निकाल द्यायचा होता तो 'ध्रुवयान' या अंतराळ-मालिकेतल्या चुकांवर. लहानपणी दर रविवारी सगळ्यांनी ती शहादेवच्या ओसरीवर पाहिलेली. गावातला टीव्ही तिथंच होता. त्यामुळे न्यायाधीश कोण, हा प्रश्न आला नाही.

हरिओम शेवटच्या बाकावर बसला होता. परळीत तो आता अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचा. मेळाव्याचं निमंत्रण त्याला आलं नव्हतं. त्यानंच फोन करून तारीख विचारली होती. एकदा कुणीतरी म्हणावं, हा आपल्या वर्गातला, एवढ्यासाठी तो आला होता.

ग्रहावर प्यायला पाणी नसताना कॅप्टनची दाढी रोज गुळगुळीत कशी, हा मुद्दा हसण्यावारी सुटला. मग विजयमालानं चष्मा पुसला. ती अंबाजोगाईला कॉलेजात मराठी शिकवायची, म्हणून सगळे गप्प झाले.

"मेकॅनिक," ती म्हणाली. "दहाव्या भागानंतर तो यानातच नाही. पार शेवटी उगवतो आणि पाना फिरवायला लागतो. मधे कुठं होता, कुणी विचारत नाही."

"कुठं गेलता?" हरिओमच्या तोंडून निघून गेलं. "तो तर हाय की शेवटपर्यंत."

वर्गात हशा पिकला.

"तू पाहिली का बे नक्की?" शहादेवनं विचारलं.

"पाहिली. तुमच्याच ओसरीवर. खांबाला टेकून बसायचो."

"समदी?"

हरिओम बाकावर कोरलेली नावं बोटानं चाचपत राहिला. श्रावणात मालिका सुरू झाली तेव्हा मेकॅनिक होता. गुढीपाडव्याला परत येऊन शेवटचे दोन भाग पाहिले तेव्हाही होता.

"मधली न्हाई," तो म्हणाला. "दसऱ्यानंतर आमी कारखान्याला जायचो. ऊस तोडायला."

"त्या वर्षी?" विजयमालानं विचारलं.

"दरसाल."

"असं होय," विजयमाला म्हणाली. "मला वाटायचं, तुला शाळेचा कंटाळा हाय." तिनं पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

शहादेवनं टेबलावर डस्टर आपटलं. जुना खडू उडाला.

"मुद्द्यावर या. माणूस अर्धी गोष्ट गायब. परत येतो, अन् संगतीतलं एक माणूस विचारत न्हाई, कुठं मेलता म्हणून. असं घडतंय का कुठं? करा हात वर."

सगळे हात वर गेले. जरा उशिरानं हरिओमचाही गेला. चूक शाबीत झाली.

मग तुकडीचा सातवीतला फोटो उघडला. शाळेला भेट द्यायला शहादेवनं स्वखर्चानं मोठा करून आणला होता, आणि चौकटीखाली स्वतःचं नाव घालून घेतलं होतं. जो तो पुढं होऊन आपल्यावर बोट ठेवत होता. गर्दी ओसरल्यावर हरिओमही गेला. पहिली रांग झाली, दुसरी झाली, उभे राहिलेले झाले.

"तू कुठंय रे यात?" शहादेवनं विचारलं.

फोटो सव्वीस जानेवारीचा होता.