पायडलवरचा पाय

"चालला! अहो, पाय चालला!" बायको एवढ्यांदा ओरडली की टेलरच दचकला.

शिडीवरून पडून पाठीचा कणा मोडल्यापासून त्याचं कमरेखालचं अंग परक्याचं झालं होतं. अंथरुणात पडून जीव विटला म्हणून बायकोने आणि मेव्हण्याने आज त्याला उचलून शिलाई मशीनसमोर बसवलं, पाऊल पायडलवर टेकवलं, आणि ते आपणहून थडथडू लागलं. चाक पुढे-मागे हेलकावायला लागलं. मेव्हण्याला तर रडूच फुटलं. टेलरने मात्र पायाला काहीच सांगितलं नव्हतं.

दुपारी त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताईंना बायकोने मोठ्या हौसेने ते दाखवलं. ताईंनी पाऊल पायडलवरून काढलं. थडथड बंद.

"स्नायू ताणला की त्यातले बारीक तंतू मज्जारज्जूला कळवतात, आणि तिथूनच उलट हुकूम येतो, आवळ म्हणून. डोक्याला विचारायला कुणी जात नाही. तुमचं-माझंही तसंच. फक्त आपलं डोकं त्याला लगाम घालतं. यांचा लगाम तुटलाय, म्हणून एवढा जोर."

"म्हणजे ताकद आहे ना?"

"आहे वहिनी, पण ती त्यांच्या ताब्यात नाही."

बायकोने अर्धंच ऐकलं. त्या दिवसापासून टेलरची धडगत राहिली नाही. जेवण वाढताना, अंग पुसताना, बेडपॅन काढताना तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. "पायात ताकद आहे, तुमच्याच मनात नाही. मी मर मर मरते, आणि तुम्हाला आयतं खायची चटक लागलीय!" नवरा अपंग आहे हे तिने सोसलं होतं, तो आळशी आहे हे तिला सोसवेना.

तिचं दुःख टेलरला कळत होतं, हे त्याहून वाईट. शेवटी एका सकाळी मशीनसमोर बसवल्यावर त्याने हळूच हाताने गुडघा खाली दाबला. पाऊल थडथडताच म्हणाला, "बघ, मीच चालवतोय."

तिने तोंडावर हात दाबला. तो नको नको म्हणेपर्यंत ती धावत गेली आणि शेजारीपाजारी गोळा करून आली. दारात माणसं दाटली.

"वा, दाजी!" मेव्हणा लहान मुलाचं कौतुक करावं तसा म्हणाला. "आता थांबवून दाखवा बरं."

टेलरने मनातल्या मनात पायाला विनवलं, मग शिव्या घातल्या. हाताने उचलला असता तर थांबला असता, पण सगळ्यांचे डोळे त्याच्या हातांवरच होते. पाय थडथडतच राहिला. बायकोचं हसू ओठांवरच सुकत गेलं.

"थांबवतो," तो मान खाली घालून म्हणाला. "एवढी शिवण पुरी होऊ दे."

सुईखाली कापड नव्हतं. बायको पुढे आली, सगळ्यांदेखत खाली वाकली, आणि तिनेच त्याचं पाऊल उचलून जमिनीवर ठेवलं.