धड एकच

संग्रहालयाच्या तळघरात जुनी चित्रं दुरुस्त करण्यात बाईंची सव्वीस वर्षं गेली होती, पण चित्रकार या जमातीबद्दल त्यांचं मत काही सुधारलं नव्हतं. "माणूस ओळखायचा तर चित्र पालथं करून बघावं," असं त्या म्हणत. पुढून राजेशाही थाट, मागून गोणपाटाचं ठिगळ.

यंदा संचालकांच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं होतं. जुन्या चित्रकारांसमोर आजचे चित्रकार टांगायचे. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका दरबारी चित्रकाराच्या सहा तसबिरी, आणि समोरच्या भिंतीवर आजच्या एका नामवंताचे सहा कॅनव्हास. हे नामवंत म्हणजे बाईंच्या नणंदेचं दैवत. त्यांच्या चित्राची छापील प्रत तिने दिवाणखान्यात लावली होती आणि आल्यागेल्याला ती त्या प्रतीसमोर दोन मिनिटं गप्प उभं करायची.

एका सकाळी नामवंत स्वतः तळघरात उतरले. अंगातल्या सदऱ्यावर रंगाचे डाग होते. बाईंनी त्यावरून नजर फिरवली. सगळे डाग एकाच दिवशी, आरशासमोर उभं राहून उडवलेले.

"या माणसाशी माझं रक्ताचं नातं आहे," नामवंत एका तसबिरीकडे बोट नेत म्हणाले. "याच्या प्रत्येक चेहऱ्यात वेगळा आत्मा आहे हो!"

"आत्म्याचं मला माहीत नाही. बोट मागे घ्या, वॉर्निश ओलं आहे."

ते गेल्यावर बाईंनी तिसरी तसबीर साफ करायला घेतली. जुना पिवळा थर निघाला तशी मानेभोवती रंगाची एक कड दिसू लागली, शिवण उसवावी तशी. त्यांनी सहाही तसबिरी ओळीने मांडल्या आणि मोजपट्टी लावली. सात बटणं. कोपराशी तीच चुणी. छातीवर हात, त्याची करंगळी तेवढीच वाकडी. गडी धडं आधीच रंगवून ठेवत होता! गिऱ्हाईक आलं की वर मुंडकं बसवायचं. एका चेहऱ्याखाली तर आणखी एकाचं नाक निघालं.

"मेला शिंपी!" बाई पुटपुटल्या. त्यांना मनातून गुदगुल्या होत होत्या.

संचालकांचा चेहरा मात्र पडला. "हे बाहेर जाता कामा नये."

"का? त्याची अब्रू जाईल?"

"त्याची नाही हो, प्रदर्शनाची!"

उद्घाटनाला नणंद पहिल्या रांगेत होती. बाई खांबाला टेकून उभ्या होत्या. संचालकांनी माईक हातात घेतला. "प्रत्येक चेहऱ्यात वेगळा आत्मा..." एवढं कानावर पडलं आणि बाईंना राहवेना.

"आत्मा असेल वेगळा," त्या मोठ्याने म्हणाल्या, "पण धड एकच आहे. बटणं मोजा."

लोकांनी खरंच बटणं मोजली. नणंदेने मागे वळून डोळे वटारले. "वहिनी, शोभतं का हे?"

आता नामवंतांचं तोंड कसं होतं ते बघायला बाईंनी मान उंचावली. नामवंत खदाखदा हसत होते.

"वा! म्हणजे हा माझाही बाप निघाला! माझे कॅनव्हास तरी कोण भरतं? हाताखालचे लोक! मी फक्त शेवटी सही करतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नणंद तर उभी राहून टाळ्या पिटत होती. तोंडाला काळं फासायला जावं आणि समोरच्याने तेच अत्तर म्हणून अंगाला लावावं, तसं बाईंचं झालं.

आठवडाभरात दारावर 'एक धड, सहा माणसं' असा फलक लागला आणि रांगा लागल्या. बटणं मोजून लोक सेल्फी काढू लागले. रोज चार वाजता तुम्हीच माहिती सांगा, अशी संचालकांनी गळ घातली.

"एखादा पोपट आणून बसवा," म्हणून बाई जिना उतरल्या.

प्रदर्शन संपलं, तसबिरी खाली आल्या. पाचवीच्या गळ्याशी जाळीची झालर होती. बाईंनी भिंग लावलं आणि त्या खुर्ची ओढून बसल्या. एकेक धागा सुटा, एकेक गाठ वेगळी, आणि खाली हलकीशी सावली. हा त्या शिंप्याचा हात नव्हता. हाताखालच्या कुणीतरी ही वीतभर जागा जीव ओतून रंगवली होती आणि नावनिशाणी न ठेवता तो निघून गेला होता.

त्या वीतभर जागेला बाईंनी चार दिवस दिले. अहवालात लिहिलं, "झालर दुसऱ्या हाताची. काम अस्सल."

संचालकांनी न वाचताच त्याखाली सही ठोकली.